खेळायचा कम्प्युटर

...नाही, पण मी म्हणतो, खेळायला पाहिजे म्हटलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे? तुम्हीच सांगा! तुम्ही नाही हसलात, तुम्ही भली माणसं आहात. पण तो सिकंदराबादचा कम्प्युटरवाला दुकानदार, गळ्यात टाय, दुकानात इतका गारवा की माझे गुडघे कुरकुरायला लागले, तो हसला! तोंडावर हात ठेवून हसला! मी तसा कमी बोलणारा माणूस. नारायणगुड्यात कुणालाही विचारा, अप्पाराव सायकलवाला बोलतो का म्हणून. ते म्हणतील, छे हो, चाकात हवा भरतो आणि गप्प बसतो. पण तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून माझं तोंड जे उघडलंय, ते मिटायला तयार नाही.

माझं दुकान होतं भाड्याच्या सायकलींचं. लहान पोरांना लहान, मोठ्यांना मोठी. पोरगं यायचं, 'चाचा, आधा घंटा' म्हणायचं, मी सायकल काढून द्यायचो. उभ्या जन्मात मी एका पोराला तरी विचारलं का, की बाबा रे, सायकल अभ्यासाला नेतोस का खेळायला? खेळायलाच नेणार! पोर आहे ते! गल्लीतून वाऱ्यासारखं जायचं, गुडघा फोडून घेऊन यायचं, आणि उद्या पुन्हा हजर. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, पण एवढं मला कळत होतं.

मग देश खुला झाला म्हणे. झाला असेल. दारोदारी स्कूटर आल्या, मोपेड आल्या, भाड्याची सायकल कोण विचारतो? दुकान बंद केलं, सायकली विकल्या. त्याचं मला काही नाही. काळ आहे, चालायचंच. दुखलं ते वेगळ्या जागी.

माझी नात आहे, प्रियदर्शिनी. माझ्या माधवीची मुलगी, निजामाबादला असते. सुट्टी लागली की पोरगी थेट माझ्या दुकानात. एक लाल सायकल होती, ती मी कुणाला भाड्यानं देत नव्हतो, ती तिची. दिवसभर आपली टिंग टिंग. ह्या उन्हाळ्यात आली तर दुकानाला कुलूप, लाल सायकलही विकलेली. दोन दिवस पायरीवर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी काय म्हणते? 'आजोबा, इथं करायचं काय?' मी कुलूप काढून रिकामं दुकान दाखवलं हो! गेली मग सिकंदराबादला, सुप्रिया म्हणून तिची काकू आहे तिच्याकडे, ती सुट्टी संपेपर्यंत तिकडेच. का? तर काकूकडे कम्प्युटर आहे. त्यात मोटारींची शर्यत आहे. परत जाताना मी स्टेशनावर भेटायला गेलो, तर खिडकीतून माझा हात धरून म्हणते, 'तुम्ही पण घ्या ना आजोबा. मग मी दसऱ्याला तुमच्याकडेच राहते. सगळी सुट्टी.'

आता एवढं ऐकल्यावर माणूस काय करेल? सायकली विकून आलेले पैसे डब्यात होते. ते घेऊन गाठलं सिकंदराबादचं दुकान. तर तो टायवाला विचारतो,

'पर्पज बोलो सर. कायके वास्ते होना?'

म्हटलं, 'खेळायला.'

त्यानं माझ्या पाठीमागं बघितलं, आणखी कोणी आलंय का म्हणून.

'पोते के एज्युकेशन के वास्ते?'

'नातीच्या. खेळायला.'

'हां हां, मतलब स्टडीज.'

'मतलब मोटारींची शर्यत!'

तेव्हा हसला तो. हसून झाल्यावर एक मशीन दाखवलं. त्यात म्हणे सगळ्या जगाची माहिती येते, टायपिंग शिकता येतं, सोबत छपाईचा प्रिंटर घ्या, हिशेब ठेवा, कुंडली काढा! मी म्हटलं, कुंडली राहू द्या, मोटार पळवून दाखवा. पळवली. अहो, कसली पळते! चेन उतरलेली सायकल पोरगं ढकलत नेतं ना, तशी! थांबते, झटका घेते, पुन्हा थांबते. 'ह्याला काय झालंय?' म्हटलं. तर म्हणतो, 'सर, ये काम का मशीन है. गेम के वास्ते अलग कार्ड होना, मेमरी जास्ती होना.' आणि त्या दुसऱ्या मशीनची किंमत त्यानं सांगितली, ती मी तुम्हाला सांगत नाही, तुम्ही जेवून आला असाल.

म्हणजे बघा न्याय! हिशेब करायचा, स्वस्त. अर्ज लिहायचा, स्वस्त. कुंडली तर जवळजवळ फुकट! आणि लहान पोरीला घटकाभर खेळायचं, तर महाग! खेळायला पाहिजे म्हटलं की दुप्पट! हा कुठला खुला देश? दुकानात चार तऱ्हेची बाटलीतली सरबतं मिळायला लागली, आणि खेळायला मात्र मेलं...! जाऊ द्या. मी तसा बोलत नाही.

तिथून आलो नामपल्लीला, जमीलकडे. जमील सुटे भाग आणून मशीन जोडून देतो. लहानपणी माझ्याच सायकलवरून पडून पुढचा दात पाडून घेतला होता त्यानं. 'अरे चाचा! आओ! कायकू तकलीफ करे?' मी म्हटलं, 'खेळायला पाहिजे.' तो हसला नाही! 'वा चाचा, क्या बात है!' म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. मग त्यानं समजावून सांगितलं. 'मेमरी कम रही तो कैसा होता मालूम? डबलसीट बैठा के चढाव चढे सरीका. कार्ड बोले तो चेन. चेन मजबूत होना.' आता हे मला कळलं. टायवाल्याचं काही कळलं नव्हतं, हे चटकन कळलं.

मग बसलो काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते ठरवत. सायकल घेताना चाक, चेन आणि ब्रेक पक्के बघावेत, घंटी नसली तरी चालतं, तोंडानं ओरडता येतं. तसंच केलं. प्रिंटर? नक्को. टेबल? भामाचं शिवणाचं मशीन आहे, त्याच्यावर फळी टाकू. भामा म्हणजे आमची बायको. मशीनचा डबा नवा कशाला, बंद पडलेल्या कचेरीतला जुना, पिवळा पडलेला चालेल. पडदा लहान चालेल, पोरगीही लहान आहे. मेमरी मात्र पुरेशी. आणि कार्ड चांगलं! कार्डात मी एक इंच मागं सरलो नाही. तरीसुद्धा थोडं कमी पडलं. जमीलनं आपला नफाही सोडला, तरी कमी पडलं.

तेव्हा हळूच म्हणतो कसा, 'चाचा, घर में बोलो ना, स्टडी के वास्ते है. सब ऐसाइच बोलते. पूरा हैदराबाद स्टडी कर रा!'

घरी माझा मुलगा, अरविंद. सचिवालयात कारकून आहे. फार सरळ मुलगा, इतका सरळ की वाकवून बघावा वाटतो. मी म्हटलं, प्रियदर्शिनीला खेळायला पाहिजे. तर चष्मा काढून पुसायला लागला. 'बाबा, खेळण्यावर एवढे पैसे? अभ्यासासाठी असेल तर बोला, कमी पडतात ते मी घालतो. खेळायला मी काही देणार नाही.' आता सांगा! दसरा तोंडावर. पोरीचं पत्र आलेलं, येते म्हणून. काय करता? मी भिंतीकडे बघितलं आणि भिंतीला म्हटलं, 'अभ्यासालाच रे.' एकदाच! आणि तेही इतक्या हळू की भिंतीलासुद्धा नीट ऐकू गेलं नसेल. पण भामाला ऐकू गेलं! स्वयंपाकघरातून! एरवी चहा मागितलेला तिला ऐकू येत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला बातमी, 'आमच्याकडे अभ्यासाचं मशीन येतंय.'

अष्टमीला जमील मशीन घेऊन आला, जोडलं, मोटार लावून दाखवली. काय पळाली! लोण्यासारखी! संध्याकाळच्या गाडीनं पोरगी आली, दमली होती, जेवली आणि मशीनकडे बघत बघत झोपली. सकाळी उठून खेळू म्हणाली. मी मनात म्हटलं, अप्पाराव, जिंकलास.

सकाळी उठून बघतो तर काय? नवमी! खंडेनवमीला हत्यारांची पूजा, वह्यापुस्तकांची पूजा, आमच्याकडे सगळं एकाच पाटावर. पाटाच्या एका बाजूला पोथ्या, अरविंदचं पेन, दुसऱ्या बाजूला माझा पाना आणि हवेचा पंप, आणि मधोमध कोण? कम्प्युटर! पडद्यावर कुंकवाचा ठळक टिळा! पिवळ्या डब्याला झेंडूची माळ! बटणांच्या पाटीवर अक्षता, फटीफटीत तांदूळ! आणि भामा हात जोडून म्हणते, 'आता उद्या दसऱ्याला पूजा उठेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.'

'अगं, ते खेळणं आहे!' मी ओरडलो. मी! ओरडलो! 'खेळायला पाहिजे म्हणून आणलंय! खेळण्याची कुणी पूजा करतं का? चेंडूला कधी कुंकू लावलंस?'

'तुम्हीच म्हणालात ना, अभ्यासाचं आहे. अभ्यासाचं म्हणजे सरस्वती. मी काय मनानं केलं?'

'मी भिंतीला म्हणालो होतो!'

'बाबा,' अरविंद चष्मा पुसत म्हणाला, 'अभ्यासाचं नाही का मग?'

मी पडद्यावरचा टिळा न्याहाळायला लागलो. तुम्हाला सांगतो, उन्हाळ्यात 'इथं करायचं काय' म्हणून जो प्रश्न आला होता ना, तो पुन्हा येताना मला दिसत होता. पोरगी पाटासमोर उभी, हात मागं बांधून. मग सरळ फोनकडे गेली. काकूचा नंबर फिरवला. गेली, म्हटलं, दुपारपर्यंत सिकंदराबादला गेली.

'काकू, मी आज तुझ्याकडे येऊ का? कम्प्युटर... हो? तुझा पण? माळ पण? बरं.'

फोन ठेवला आणि म्हणाली, 'काकूचा पण पूजेत आहे. तो पण अभ्यासाचाच आहे.'

अहो, पूरा हैदराबाद! सगळं शहर अभ्यास करतंय आणि आज सगळ्यांच्या अभ्यासाला सुट्टी! म्हणजे पोरगी आता कुठं जात नाही! मी भामाच्या सरस्वतीला मनातल्या मनात नमस्कार केला.

मग आम्ही दोघं पायरीवर बसलो. कुठं जायला नाही, कशाला हात लावायला नाही, माझा पंपसुद्धा देवाच्या ताब्यात. थोड्या वेळानं पोरीनं खडू आणला आणि पायरीवर चौकोन काढले. 'आजोबा, हे डावीकडे. हे उजवीकडे. हा वेग. आणि हा ब्रेक. बोटं ठेवा. नाही, अशी नाही, अशी!' माझी बोटं एकेक उचलून तिनं चौकोनांवर ठेवली. 'वळण आलं... दाबा! अहो, ब्रेक! मेलात!' दिवसभर मी त्या पायरीवर मरत होतो. येणारे जाणारे विचारायचे, 'काय अप्पाराव, काय चाललंय?' 'मरतोय,' म्हणायचो.

दसऱ्याला पूजा उठली आणि पोरगी बसली ती सुट्टी संपेपर्यंत. काकूकडे एक दिवस गेली नाही. एक दिवस नाही! जाताना स्टेशनावर म्हणाली, 'वळणाच्या आधी ब्रेक दाबायचा, वळणावर नाही. रोज करायचं. दिवाळीला येऊन बघणार आहे मी.'

म्हणून बसतो रोज. आवडतं म्हणून नाही हो, सांगून गेलीय म्हणून. थोडं आवडतं. पण जमत का नाही, तर त्या पूजेतला एक तांदूळ नेमका ब्रेकच्या बटणाखाली जाऊन बसलाय! जमील म्हणतो, पाटी खोलावी लागेल. भामा म्हणते, अक्षता आहे, काढू नका. काल असाच वळणावर आलो होतो, मोटार भरधाव, मी बटण दाबतोय, दाबतोय, आणि मागून कचेरीतून आलेला अरविंद.

'बाबा? हे काय चाललंय?'

'अभ्यास,' म्हटलं, आणि जाऊन आदळलो भिंतीवर.