सेफर इंदूरमधून हलणार नाही

आम्ही मूळचे कोकणातले, अलिबागकडचे, शनवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, मतलब मराठी बोलणारे यहुदी. पण माझा जन्म महूचा, वडील फौजेत कंपाउंडर होते, आणि लग्न होऊन आले ती इंदूरला, मिलच्या चाळीत. आमचे हे, दानियल, मिलमध्ये जॉबर, मतलब कामगारांवरचे मुकादम. काय सांगू ताई, तेव्हा आमची किती घरं होती! राजवाड्याच्या मागे माडीवर भाड्याचा हॉल, तेच आमचं सिनॅगॉग, प्रार्थनेचं घर, शुक्रवारी संध्याकाळी उभं राहायला जागा नसायची, कोणाचं लग्न ठरलं, कोणाची सून रुसून माहेरी गेली, सगळी खबर तिथेच कळायची.

मग मिलच्या गेटला ताला लागला. घरं उठली, कोणी ठाण्याला गेलं, कोणी इस्रायलला. जे राहिले त्यांनी पण हॉलवर येणं सोडलं, कोणी ऑटो चालवायला लागला, कोणी सेव विकायला, आणि आमचे हे तर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

अशात समाजातल्या एका बाहेरगावच्या मोठ्या गृहस्थांचा निरोप आला, की गुरुवारी येतो, तुमचा सेफर घेऊन जातो. सेफर मतलब आमचा तोरा, हाताने लिहिलेली चामड्याची गुंडाळी, आमचा धर्मग्रंथ. दहा पुरुष जमल्याशिवाय तो उघडून वाचता येत नाही, आणि तुमच्याकडे दहा आहेत कुठे, म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मिल गेली, तिथे आमचं काही चाललं नाही, पण हे नाही जाऊ देणार. ऑटोस्टँडवर गेले, सेवच्या गाडीशी जाऊन उभी राहिले, म्हटलं अरे भिया, गुरुवारी सकाळी यायचं. सेववाला म्हणाला, काकू, काय तोंड घेऊन येऊ? म्हटलं, आहे तेच घेऊन ये. घरी ह्यांना म्हटलं, अहो उठा, देवाच्या दारात काय हजेरीचं कार्ड दाखवावं लागतं? आणि गुरुवारी पाहते तर दाढी करून, टोपी घालून तयार.

गृहस्थ आले, त्यांनी माणसं मोजली आणि हसले. नऊच आहेत, बाई. म्हटलं, आणि तुम्ही कोण? यहुदी नाही का?

मग त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि प्रार्थनेची शाल खांद्यावर घेतली. ह्यांनीच कपाटातून सेफर काढला, आणि आवाज असा चढला की खालचे दुकानवाले रस्त्यावर येऊन वर बघायला लागले. गृहस्थ रिकाम्या हाताने निघाले, जाताना म्हणाले, पुढच्या वेळी दहावा कुठून आणाल? म्हटलं, जो न्यायला येईल तोच दहावा!

आता हे नाहीत. हॉल पण पाडला, सेफर विजय नगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये ठेवलाय, सणाला कधी दहा जमतात, कधी नाही. लेक इस्रायलहून फोन करते, आई, आता तरी ये इकडे. मी म्हणते, बाळा, तुम्ही तिथे सुखी राहा, एलियाहू नबी तुमच्या पाठीशी राहो. पण मला बोलवू नको. मी मुलाला सांगून ठेवलंय, माझी माती इथेच, ह्यांच्या बाजूला.