शिकार आणि श्रावण

आफ्रिकेत जाऊन रानरेडा मारायचं खूळ आमच्या काकांचं, पण जीव गेला माझा. घरात इंग्रजी बरं माझंच, म्हणून देश निवडायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता.

मी मोबाईलवर झांबियाचं वाचून दाखवलं. काकू म्हणाली, "तितं डास लई असतात म्हणं." टांझानिया काकांना महाग वाटला. शेवटी नामिबिया ठरला, आणि काकांनी तिथल्या एजंटला फोन लावून माझ्या हातात दिला.

वर्गात माझी हजेरीसुद्धा बाईंना ऐकू जात नाही. तरी घाम पुसत मी इंग्रजीत तारखा विचारल्या आणि काकांना सांगितलं, "ऑगस्टच्या शेवटी जागा आहे."

काका दचकले. "म्हणजे श्रावणात? अगं, श्रावणात मी अंडं खात नाही, रेडा कुठून मारू?"

"मग नको म्हणून सांगू?"

"थांब की! विचार त्याला, नुसता नेम धरून परत आलं तर चालतंय का?"

तिकडे एजंट "हॅलो, हॅलो" करत होता. मी फोन काकांच्या हातात कोंबला. "श्रावण तुम्हीच समजवा त्याला!"

काकांनी घसा खाकरला, फोन कानाला लावला आणि ठणकावून म्हणाले, "राँग नंबर!"