काकूंच्या नावाची बंदूक

बंदूक घरात असावी की नसावी, यावर तुम्ही इतके भांडून राह्यले, तर माझ्या काका-काकूंचं ऐका. कुरखेड्याकडे त्यांची धानाची शेती. एका वर्षी रानडुकरांनी अर्धी बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, लोळवली, तेव्हा काकांनी पीक राखायला बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला.

चौकशीला हवालदार घरी आले. त्यांनी काकूंना विचारलं, "बाई, भाऊच्या हाती बंदूक दिली तं चालन ना?"

काका मागून मान हलवून 'हो म्हण' अशी खूण करत होते.

"मानूस लय चांगला आहे जी," काकू म्हणाल्या, "पन मागच्या महिन्यात मी काळं प्लास्टिक पांघरून बांधीत निंदत होती, तं यायनं डुक्कर समजून मले गोटा हाणला."

"अवो, पाठीले जरासाच तं लागला!" काका ओरडले.

"गोटा होता म्हनून जरासा लागला."

हवालदारांनी पेन खिशात ठेवलं. "भाऊ, तुमच्या नावानं मी काई लिहून देऊ शकत नाई."

काकांचा चेहरा उतरला. "मंग डुकरायले सारं धान खाऊ देऊ का?"

धानाची काळजी काकूंनाही होतीच. त्या पदर खोचून पुढे झाल्या. "बंदूक तं पायजेच आहे जी. माह्या नावानं लिहा."

सगळ्या चौकश्या होऊन परवाना खरंच काकूंच्या नावाने आला. आता त्यांनी हवेत एक बार काढला की डुकरं पळतात. आणि काका आपल्याच शेतात शिरताना दोन्ही हात वर करून लांबूनच ओरडतात, "मी आहो वो, मी!"