सोमवारचा आकडा

हॅलो?… कोण, नवसी?… हो, मीच, वामन. आवाज बसलाय जरा… नाय, आजारी नाय. जाळं सांधत बसलेलो. तू बोल. मेहुणी उगाच भाऊजीची आठवण काढत नाय, काम असणार…

हंसाचं वाफेचं मशीन? हाय ना, कपाटावर हाय. तुझी बहीण गेल्यापासून कोणी हात नाय लावला… कोणासाठी? तुझ्या हिनासाठी?… कधीपासून दम लागतोय?… परवापासून, आणि आज सांगतेस?

बरं, नाय रागावत. सांग.

हो… हो… दवाखान्यातनं फोन यायचा हाय, कळलं. मग त्याआधी मी बाईंना फोन कशाला करू?… पोरीचा बाप नाय का घरी?… देवू कंपनीत, फोन गेटावर जमा. ठाऊक हाय गो. पण तू आई हायस ना…

हो, डॉक्टरीणबाई माझं ऐकायच्या. खरं हाय…

काय?… परत बोल.

फुंकायच्या मीटरवर किती आला आकडा?… एकशे साठ, एवढा कमी. आणि मी किती सांगू म्हणतेस?… तीनशे.



रविवारी साखरपुडा, म्हणून?… पाहुण्यांना दमा ठाऊकच नाय? काय सांगितलंस त्यांना?… सर्दीची तब्येत. वा. बावीस वर्षांची सर्दी… हसत नाय गो. हसू कसलं येतंय मला.

नाय. मी नाय सांगणार तीनशे… अगं ऐक ना. ऐक जरा. एक गोष्ट सांगतो, मधी बोलू नको. थांबलो तर परत बोलवणार नाय माझ्याच्यानं.

लॉकडाऊनच्या आधी मी हंसाला दर महिन्याला पालघरला न्यायचो. बाई पाठीला नळी लावून ऐकायच्या. दारातनं आत येईपर्यंतच ओळखायच्या, आज हिचं बरं नाय. मग सगळं बंद झालं. दवाखान्यात वाफसुद्धा देईनात, वाफेनं कोरोना पसरतो म्हणून. हातात मीटर दिलं, म्हणाले घरीच फुंका, दर सोमवारी आमी फोन करू, आकडा सांगा…

हो, एवढं तुला ठाऊक हाय. पुढचं नाय ठाऊक.

एका सोमवारी आकडा दीडशे आला. मी अडीचशे सांगितला.

… हो. मी.

भीतीनं, दुसरं काय. वाटलं, नेली तर परत येणार नाय. गल्लीला बांबू बांधतील, आमची मासळी कोण घेणार नाय. तेव्हा सगळेच घाबरलेले. तेवढंच असतं तर… पण बाई फोनवर म्हणाल्या, वामनदादा, छान सांभाळताय तुम्ही. गोड वाटलं गो मला. मला कोणी असं कधी म्हटलं नव्हतं. पुढच्या सोमवारी मी दोनशे ऐंशी सांगितला.

… नाय, लॉकडाऊनपुरतं नाय. तेच तर सांगतोय. दवाखाना उघडला, बोटी सुटल्या, बाई म्हणायच्या, एकदा घेऊन या तिला. मी म्हणायचो, आणतो. पालघर म्हणजे सगळा दिवस मोडायचा, फोन दोन मिनटांत उरकायचा. वर्षानुवर्षं आकडे सांगितले मी…

हंसाला? ठाऊक होतं. बाजूलाच बसायची, ऐकायची. शेवटी एकदा म्हणाली, आज खरा सांगा. मी म्हटलं, पुढच्या सोमवारी सांगू.

शनिवारी गेली.

… हो, सगळ्यांना मीच सांगितलं, अचानक गेली म्हणून. दहाव्याला तू माझ्यापुढं रडलीस. भाऊजी, तुमी किती केलं तिचं, म्हणालीस. मी गप ऐकून घेतलं.



दे, शिव्या दे… हो… हो, मीच… नाय, काय बोलू?… नको बघू माझं तोंड, कधीच नको बघू. पण आधी फोन हिनाजवळ दे… अगं दे.

हिना, बाळा, वामनकाका. तुझं पूर्ण नाव सांग बघू, एका दमात… परत सांग… राहू दे. राहू दे, बाळा. बोलू नको. सरळ बस, आडवी पडू नको. पंप घे, त्याला नळी लावून ओढ. दे आईला.

नवसी, पोरीला तिचं नाव पुरं होत नाय. मशीनची वाट बघू नको, मी बोईसरवरनं येईपर्यंत तास जाईल. रिक्षा कोणाची हाय तिथं?… सुजीतची. मार हाक. कोळगाववरनं दवाखाना किती लांब, दहा मिनटं… कपडे कसले बदलतेस, हाय तशी ने.

पाहुण्यांना?… दमा हाय म्हणून सांग. मोडलं तर मोडू दे. पोरगी असली तर लग्न… हो, माझ्यावर घाल. सांग, काकानं लपवायला लावलं.

आली रिक्षा? बसव तिला, पाठ टेकून नको, पुढं वाकून बसू दे. दवाखान्याचा फोन वाटेत येईल, तो उचल. किती सांगशील?… नाय… परत. किती?… एकशे साठ. हो. आणि बोलता येत नाय, घेऊन निघालोय, हे पण सांग.

मी निघालोच… काय?…

नको येऊ म्हणतेस.

बरं. आत नाय येणार. बाहेर गेटाजवळ उभा राहीन, काय आणायचं असलं तर… तेही नको?… बरं. पण उभा राहीन.

हो. ठेव. तुझा फोन मोकळा ठेव.