मोहाखालचा दगड

(सन १९४६, चैत्रातली टळटळीत दुपार. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी मोहाचं एक झाड. शाळामास्तर पितांबर गुरुजींनी बावीस स्वयंसेवक आणले आहेत. तीन वर्षं राखलेल्या रानाला वणव्यापासून वाचवायला पट्टा साफ करायचा होता. तो अर्धाच झाला आणि वारा फिरला. आता पट्ट्यावरून वणव्याच्या दिशेनं उलटी आग लावून तो अडवायचा, तीही खालच्या पाड्यावरच्या चैत्रामनं, कारण ते काम फक्त त्यालाच जमतं.)

गुरुजी : पेटव ना, चैत्रामभाऊ! काकडा हातात धरून उभा काय राहिलास?

चैत्राम : नही पेटाडस, गुरुजी.

गुरुजी : अरे, धूर बघ कुठवर आला! त्या टेकाडावरून खाली उतरला की संपलंच सगळं.

चैत्राम : माले दिखस. पन येक दगड ऱ्हायना शे.

गुरुजी : पुन्हा तेच! मी दोनदा नावं पुकारली. बावीसच्या बावीस जण ओढ्यापलीकडे बसलेत. ही बघ वही.

चैत्राम : तुमनी वही तुमनापाशी ऱ्हाऊ द्या. सकायले रानमा जाताना जो तो मोहाखाले दगड ठी गया. माघारी उना तो उचली गया. बठ्ठा उचलात, हाऊ येक ऱ्हायना. म्हंजे येक जीव मधमा शे.

गुरुजी : कुणीतरी विसरला असेल उचलायला. धावपळीत पोरं होती. नाहीतर तोतारामनं थट्टेनं दोन ठेवले असतील, त्याचा काही नेम नाही.

चैत्राम : तोतारामले इचारं मी. आईनी शपथ खादी त्यानी. बाकीसले बी इचारं. प्रत्येकनी आपला दगड उचलेल शे.

गुरुजी : मग काय म्हणणं आहे तुझं? माझ्या वहीतला बावीसचा आकडा खोटा?

चैत्राम : तुम्ही खोटा नहीत. वहीमा ज्यानं नाव नही, तो बी मानूसच शे ना?

गुरुजी : कोण असणार रे? माझी पोरं आणि तू. दुसरं कोण होतं इथं? हे बघ, बावीस आयांना शब्द देऊन आलोय, एकालाही खरचटू देणार नाही म्हणून. त्यात तू असं काही बोलू नकोस.

चैत्राम : मी काय मौजले बोलस? तठे खाले मना पाडा शे, गुरुजी. सात झोपडा, बठ्ठा गवतना. आग लावाले उशीर व्हयना तर पह्यलं मनंच घर जयी.

गुरुजी : तेच तर सांगतोय! लाव मग!

चैत्राम : लावी दिसू. पह्यले हाऊ दगड देखा. हातमा ल्या.

गुरुजी : दे. हं. दगडासारखा दगड.

चैत्राम : नीट देखा. तुमना पोरेसनी आठलाच दगड उचलात, लाल, खरबडीत. हाऊ कसा शे?

गुरुजी : गुळगुळीत आहे. गोल.

चैत्राम : झिरावरना शे. झिरापाईन कोन उनं सकायले?

गुरुजी : झऱ्यावरून? झऱ्यावर कुणी गेलंच नाही. पाणी तर... थांब. पाणी कोण आणत होतं?

चैत्राम : चमेली.

गुरुजी : ती तर घरी गेली ना?

चैत्राम : मी बी तसंच समजनू. दोन हांडा भरी दिसू नि घर जासू, आशी बोलनी व्हती माले.

गुरुजी : नाही गेली. अरे देवा. चैत्राम, मीच तिला वर पाठवलं. वरच्या टोकाला चार पोरं काम करत होती, घसे कोरडे पडले होते त्यांचे. मी म्हटलं, बाई, तिथल्या आंब्याखाली हांडा घेऊन बस, पोरं येतील प्यायला. जागेवरून हलू नकोस म्हटलं.

चैत्राम : आनि शिटी वाजाडी तव्हय?

गुरुजी : तीन शिट्या, म्हणजे सगळ्यांनी मागं फिरायचं. आठ दिवस शाळेच्या अंगणात घोकून घेतलं होतं पोरांकडून. झोपेतही विसरणार नाहीत.

चैत्राम : पोरेसले शिकाडं. तिले कोनी सांगं?

गुरुजी : नाही सांगितलं. कुणीच नाही.

चैत्राम : मना भाऊनी बायको शे ती, गुरुजी. माले बी याद नही उनी. आपला दगड ठी गयी ती, नि मी आठेच उभा व्हतू.

गुरुजी : मी जातो. सरक बाजूला.

चैत्राम : तुम्ही नही. मी जास. तुमले वाट बी म्हाईत नही.

गुरुजी : आंबा मला माहीत आहे. अन् उलटी आग मला लावता येते का? ती तुलाच येते. तू गेलास आणि वारा उतरला तर इथं कोण आहे? पाठवलं मी, आणायचं मीच.

चैत्राम : मंग थांबा. दगड ठेवा.

गुरुजी : आता? या घाईत?

चैत्राम : सकायले तुम्ही ठेवा नही. हसनात माले. आते ठेवा.

गुरुजी : हा तिचा परत ठेवला, अन् हा माझा. आणि ऐक, मला यायला उशीर झाला नि आग टेकाडावरून उतरली, तर तू लावून टाक. पाडा वाचव तुझा.

चैत्राम : दगड शेत तवलग नही लावाव.

गुरुजी : घर जळेल तुझं!

चैत्राम : घर फिरीसन बांधता येस. पया आते! टावेल वला करी तोंडले बांधा. धूर दाट दिखना तर वाकीसन चाला. आनि हाका मारत ऱ्हा, गुरुजी, माले आवाज येवाले पायजे!

गुरुजी : चमेलीबाई! चमेलीबाई गं!

चैत्राम : मारत ऱ्हा!

गुरुजी : चमेलीबाई!

चैत्राम : गुरुजी? गुरुजी! ओ द्या! कोठे शेतस? ओ द्या ना!

चमेली : जेठजी! आठे! आठे शेतस आम्ही! यासले धरा, यासना दम सरी गया.

चैत्राम : चमेली! आग लागनी तुले दिखनी नही का वं?

चमेली : दिखनी ना. जीव उडी गया मना. पन गुरुजी बोलनात, हलू नको, पोरे पानी पेवाले येतीन. हांडा भरेल व्हता. पोरे येवाना नि पानी नही ऱ्हावानं, तर?

गुरुजी : शिट्या... ऐकल्या नाहीस?

चमेली : ऐक्यात. मी समजनी, शायमाना पोरे शेतस, खेळी ऱ्हायनात.

चैत्राम : दगड उचल तुना. पह्यले उचल.

चमेली : उचला. हाऊ देखा. गुरुजी, रडू नका. माले काहीच व्हयेल नही.

गुरुजी : वही कुठंय माझी? नाव लिहितो तुझं. आत्ताच लिहितो. सकाळपासून बावीस जण तुझ्या हातचं पाणी प्यायले, आणि एकालाही...

चमेली : तेवीस जन. तुम्ही बी पिनात ना.

चैत्राम : नाव मंग लिखा, गुरुजी. तो दुसरा, तुमना दगड उचला. मी काकडा धरी उभा शे.