जिवंत माणसाच्या मयताला

मंडळी, ऐका. आज प्रश्न एकच आहे, आणि सोपा वाटला म्हणून कुणी डुलकी काढू नका. कुणाच्या दारात जाऊन आलं, म्हणजे त्याच्या घरात पोचलं का? काकू आत्ताच मान हलवतायत. हलवा, हलवा – शेवटी तुम्हालाच विचारणार आहे!

तर गोष्ट सिंध प्रांतातली. हो, पाकिस्तानातली! देवस्थानचे अध्यक्ष दचकले बघा. अहो, पुढारी तिकडचा असला तरी माती तीच आणि मडकंही तेच! मला ही उल्हासनगरच्या एका सिंधी कापडवाल्यानं सांगितली. खरी की रचलेली, ते मी विचारलं नाही. कापड चांगलं होतं, तेव्हा गोष्टही चांगलीच असणार.

दोदोखान नावाचा एक जमीनदार. आधी गावच्या कौन्सिलात, मग प्रांताच्या विधानसभेत, मग थेट पाटबंधारे मंत्री! पक्ष किती बदलले? आपण उपरणी बदलतो तितके. तरी दरवेळी निवडून यायचाच. कसा? मयताला जाऊन! लग्न चुकवेल, मयत चुकवायचा नाही. तिकडे रीत अशी, की घरात कुणी गेलं की दारात चटई अंथरतात. येणाऱ्यानं चटईवर बसायचं, दोन्ही हात ओंजळीसारखे धरून गेलेल्यासाठी दुवा मागायची, हात तोंडावरून फिरवायचे, चार शब्द बोलायचे. दोदोखानाचे चार शब्द पाठ होते – ‘लाख माणूस! मला भावासारखा. याच्या घरची भाकरी खाल्लीय मी.’ नाव तेवढं त्याचा मुनशी कानात सांगायचा. सत्यनारायणाला नाही का, कथा तीच, यजमानाचं गोत्र तेवढं वेगळं!

त्या वर्षी मात्र समोर एक तरणा उमेदवार उभा राहिला. दोदोखानाला आयुष्यात पहिल्यांदा पडायची भीती वाटली. जेवण गोड लागेना. दिवस उगवला की गडी मयत शोधायला बाहेर! अशाच एका दुपारी कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला, टेलच्या गावात गाडी शिरली. एका दारात चटई. म्हातारेकोतारे खाली माना घालून बसलेले. मुनशी कानात पुटपुटला, हे अल्लाबचायोचं घर.

झालं! दोदोखान उतरला, बसला, हात धरले, डोळे मिटले. “अल्लाबचायो, लाख माणूस! मला भावासारखा. याच्या घरची भाकरी खाल्लीय मी.”

कुणी हसेना, कुणी रडेना. समोरच्या पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्यानं घसा खाकरला. “भाकरी खाल्लीत हे खरं, साईं. मागच्या मयताला मीच वाढली होती.”

मंडळी, अल्लाबचायो या नावाचा अर्थ काय? देवानं वाचवलेला! देवानं वाचवला आणि मंत्र्यानं मारला!

मुनशी गाडीमागं लपलेला. कसंबसं दोदोखानानं विचारलं, “मग गेलं कोण?”

“कालवा गेला, साईं. पाणी येत नाही. तुम्ही जिवंत माणसांकडं येत नाही, म्हणून चटई अंथरली.”

पाणी कुठं जातं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वरच्या अंगाला बांध फोडून घातलेला जाडजूड पाईप त्याच्याच आंब्याच्या बागेत जात होता! उठून पळावं, तर संध्याकाळपर्यंत सगळा मुलूख हसणार. तेवढ्यात चहा आला. दोदोखानानं घोट घेतला – खारट! त्याला वाटलं, बाईनं रागानं साखरेऐवजी मीठ घातलं. म्हातारा शांतपणे म्हणाला, विहिरीचं पाणीच तसं आहे, आम्ही रोज हेच पितो.

भाकरी खाल्ली होती हो त्यानं, पण पाणी दरवेळी गाडीतलं प्यायला होता! लाज वाटली त्याला, खरी लाज. तो सगळा चहा संपवला. दुसऱ्या दिवशी स्वतः उभं राहून पाईप उपटला, आणि टेलला पाणी आलं.

मग निवडून आला? छे! पडला, सपशेल पडला! पाण्याच्या आधी गोष्ट गावोगाव पोचली होती. टेलच्या गावानं तेवढी भरभरून मतं दिली, बाकीचे हसत बसले.

पुढं काही वर्षांनी अल्लाबचायो खरोखर गेला. पुन्हा चटई अंथरली. दोदोखान आला – ना मंत्रिपद, ना मुनशी. बसला, हात धरले, आणि ते पाठ असलेले चार शब्द काही केल्या आठवेनात. हात तसेच, डोळ्यांतून नुसत्या धारा. कुणी त्याला बोल म्हटलं नाही. घरातून चहा आला. प्यायला. गोड होता.

काकू, आता सांगा, दारात जाऊन आलं म्हणजे घरात पोचलं का? आपणही जातो मयताला. ‘फार वाईट झालं’ म्हणतो, आणि चपला कुठं काढल्या ते आठवत बसतो! तो दोदोखान निदान हसं होऊन का होईना, आत पोचला. तुमच्या शेजाऱ्याच्या घरचं पाणी कसं लागतं, माहीत आहे का तुम्हाला? आज घरी जाताना त्याच्या ओट्यावर टेका, तांब्याभर पाणी मागा. तो जिवंत आहे तोवर जा, बाबांनो. चटई अंथरायची वेळ त्याच्यावर आणू नका.