रंगाच्या मापाची वही

हृदयविभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक रंगारी आणि त्याची वहिनी बसली होती.

"वहिनी, डॉक्टरांनी आज वही परत दिली."

"ती कळकट वही! दाखवतानाही लाज वाटत होती मला. ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी पिशवीत दुसरा कागदच नव्हता. एका पानावर पिस्ता रंगात पांढरा किती, आणि पुढच्याच पानावर ह्यांच्या नाडीचे ठोके."

"त्या ठोक्यांमुळेच वाचलो मी. माझ्या ऑपरेशनआधी, दादाचे तिसऱ्या दिवशी बिघडले हे वाचून डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावाला झालं म्हणजे रक्तातच असू शकतं, यांनाही होईल. आधीपासून औषध दिलं, आणि तिसऱ्या दिवशी नर्सला खाटेपासून हलू दिलं नाही."

"आणि बिघडलेच की!"

"बिघडले, पण लगेच ताळ्यावर आणले. दादाच्या वेळी कुणाला कल्पनाच नव्हती, म्हणून गेला तो."

"हं."

"नवी शिडी आली की आधी तोच चढायचा, आठवतं? 'थांब, मी बघतो, मग तू ये.'"

"आणि भाऊजी, तुम्ही खाली शिडी धरून."

"आयुष्यभर."

"पुसा डोळे. रडलात तर टाके ओढतील."

"ही वही घ्या, सांभाळून ठेवा."

"आता कशाला? तुम्ही बरे झालात. टाका रद्दीत."

"रद्दीत? दादाच्या पुढच्या पानावर माझेही ठोके लिहिलेत मी. तुमची दोन, माझं एक. शिडीखाली अजून तीन पोरं उभी आहेत, वहिनी."